अपुऱ्या पोथीचे शेवटचे पान

ज्या वाङ्मयप्रकाराला आपण मराठीत कादंबरी म्हणतो, त्याचे नाव एका अपुऱ्या राहिलेल्या पुस्तकावरून आले आहे. सातव्या शतकात सम्राट हर्षाच्या आश्रयाला असलेल्या बाणभट्टाने ‘कादंबरी’ ही गद्यकथा लिहायला घेतली आणि ती पुरी होण्याआधीच तो वारला. तो नेमका कुठे थांबला हे पाहण्यासारखे आहे. राजपुत्र चंद्रापीडाची तांबूलवाहिनी पत्रलेखा कादंबरीकडून परत आली आहे आणि कादंबरी काय काय बोलली ते त्याला सांगते आहे. मुळात हे पुस्तकच बोलण्यात बोलणे असे रचलेले. शूद्रक राजाच्या दरबारात आणलेला पोपट आपली हकिगत सांगतो, त्या हकिगतीत जाबाली ऋषी दुसरी कथा सांगतात, त्या कथेत महाश्वेता आपली कहाणी सांगते. एकात एक ठेवलेल्या डब्या बाण उघडत गेला आणि सगळ्या उघड्या असतानाच त्याची लेखणी थांबली. एकही झाकण लागलेले नाही.

ती झाकणे लावण्याचे काम त्याच्या मुलाने केले. त्याचे नाव कुठे भूषणभट्ट, कुठे पुलिंद असे सापडते. उत्तरभागाच्या आरंभी त्याने काही श्लोक घातले आहेत आणि त्यांत काहीही लपवलेले नाही. वडील गेले, त्यांच्याबरोबर कथेचा ओघही तुटला, त्याचे सज्जनांना वाईट वाटते म्हणून मी हे हाती घेतो आहे, कवित्वाच्या अभिमानाने नव्हे, असा त्याचा आशय. पुढे तो आणखी एक गोष्ट सांगतो, ती मला फार महत्त्वाची वाटते. बी वडिलांनीच चांगल्या जमिनीत पेरले होते, ते वाढलेही त्यांच्याच करणीने, मुलाने फक्त पीक गोळा केले.

संस्कृतच्या जाणकारांनी या मुलाला बापाच्या पंगतीला बसवलेले नाही. त्याचे गद्य भराभर चालते, वर्णनात रमत नाही, अशी तक्रार असते. मला ती थोडी अन्यायाची वाटते. ज्याला दुसऱ्याने उघडलेल्या डब्या बंद करायच्या आहेत, त्याला नक्षीकामाला वेळ कुठून मिळणार?

पण याच बाणाचे दुसरे पुस्तक, ‘हर्षचरित’, तेही मध्येच थांबते. हर्षाच्या दीर्घ राजवटीचा फारच थोडा भाग त्यात येतो. राज्यश्रीचा शोध लागतो आणि पुस्तक संपते. ते मात्र मुलाने पुरे केले नाही आणि नंतरही कोणी केले नाही. एकाच लेखकाची दोन अपुरी पुस्तके. एकाला शेवट मिळाला, दुसरे तसेच राहिले. यात मला एक भेद दिसतो. पोपट कोण, चंद्रापीड कोण, याची उत्तरे कथेतच पेरलेली होती. हर्षाचे पुढे काय झाले, हे ‘हर्षचरिता’त पेरलेले असणे शक्य नव्हते.

या भेदाचा विचार करायची पाळी माझ्यावर एका रजिस्टरमुळे आली. आमच्या तालुक्याच्या गावी एक निवृत्त शिक्षक होते. सगळा गाव त्यांना मास्तर म्हणायचा, म्हणून मीही तेच म्हणतो. मी कुठल्या विद्यापीठाचा नाही. पतपेढीतली नोकरी सांभाळून जुने कागद वाचायला शिकलो आणि मोडी मला मास्तरांनीच शिकवली, रविवारी सकाळी, पाटीवर. त्यांनी बावीस वर्षे खपून आमच्या गावच्या पेठेचा आणि बुधवारच्या बाजाराचा इतिहास लिहिला. शेटे-महाजनांच्या वतनापासून सुरुवात, मग जकात, मग म्युनिसिपालिटी. लांब रेघांची सात रजिस्टरे. सातव्यात प्लेगच्या वर्षांचे प्रकरण आहे. लोक गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहिले, पेठ ओस पडली, माणसे परतू लागली, आणि मग एक वाक्य सुरू होते : ‘यानंतर बाजाराची जी’. तेवढेच. पुढे पाने कोरी.

मास्तर गेल्यावर घरच्यांनी ती रजिस्टरे माझ्याकडे दिली. पुस्तक छापायचे ठरले, पैशाची सोय झाली. त्यांच्या मुलाचे म्हणणे एकच, ‘काका, शेवटची दोन प्रकरणे तुम्ही लिहून टाका. तुम्हाला बाबांची भाषा येते. नाव बाबांचंच राहू दे.’ मी लगेच हो म्हटले नाही. आपल्याकडे अपुरे ग्रंथ पूर्वी कोणी आणि कसे पुरे केले, ते आधी पाहू म्हटले. त्यातून हा लेख झाला.

जुन्या पोथ्यांच्या शेवटांपासून सुरुवात करू. पोथी कुठे संपते याविषयी आपल्या पूर्वजांच्या मनात गोंधळ नव्हता. कथा संपते, मग फलश्रुती येते. ती ऐकणाऱ्याला काय मिळेल ते सांगते : कोणाला संतती, कोणाला आरोग्य, कोणाला मोक्ष. पात्रांचे समाधान झाले की नाही यापेक्षा श्रोत्याचे झाले की नाही याची तिला काळजी. मग ग्रंथकर्त्याचे निवेदन. ‘ज्ञानेश्वरी’च्या अखेरीस पसायदान आहे हे सगळ्यांना पाठ असते. पण त्यानंतर गोदावरीकाठच्या स्थळाचा, यादव राजा रामचंद्राचा, गुरुपरंपरेचा, शके १२१२ या सालाचा आणि लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचाही उल्लेख येतो, तिकडे आपले लक्ष जात नाही. आणि सगळ्यात शेवटी नक्कल करणाऱ्या लेखकाची पुष्पिका. कोणी, कुठे, कोणत्या तिथीला, कोणासाठी लिहिले ते तीत असते. त्यातच संस्कृतातली ठरावीक विनवणी : जसे समोर होते तसे उतरवले, शुद्ध-अशुद्धाचा दोष माझ्या माथी मारू नका. दुसऱ्या एका विनवणीत तो सांगतो की पाठ, कंबर आणि मान मोडून, खाली मान घालून हे कष्टाने लिहिले आहे, ते जपा. मी पहिल्यांदा असे पान हातात घेतले तेव्हा ग्रंथापेक्षा या पाठ दुखणाऱ्या माणसाशीच माझी जास्त ओळख झाली.

म्हणजे पोथीचे शेवटचे पान एकट्या ग्रंथकर्त्याचे नव्हतेच. त्यावर दुसऱ्या हाताला जागा ठेवलेली होती आणि त्या हाताने आपले नाव सांगायचे, असा रिवाज होता.

हा रिवाज मोडल्याचे मोठे उदाहरण पैठणचे. संत एकनाथांनी ‘भावार्थरामायण’ लिहायला घेतले. युद्धकांडाचे चव्वेचाळीस अध्याय झाले आणि १५९९ मध्ये नाथांनी देह ठेवला. रावण अजून जिवंत, राम अजून लंकेत. पुढचे युद्धकांड आणि सगळे उत्तरकांड त्यांच्या शिष्याने, गावबाने, रचले. या गावबाबद्दल परंपरेत मोठी गमतीची गोष्ट आहे. पुरणपोळीसाठी हट्ट धरणारा, शिकण्यात मठ्ठ, कसलाही मंत्र न घेणारा, फक्त ‘एकनाथ’ एवढे नाव म्हणणारा मुलगा. घरी रोज पुरणपोळी मिळेना म्हणून नाथांच्या घरी आला आणि तिथेच राहिला. असल्या मुलाकडून नाथांचा ग्रंथ पुरा झाला, हे सांगण्यात परंपरेला आनंद आहे. गावबाने आपले नाव पुढे केले नाही. नाथांचीच शैली, नाथांचीच मुद्रा. सांधा कुठे आहे हे आपल्याला सांगावे लागते म्हणून कळते.

गावबाला हे करता का आले? भक्ती हे एक कारण झाले. दुसरे कारण साधे आहे : रावण मरणार आणि राम अयोध्येला परतणार हे पैठणातल्या लहान पोरालाही ठाऊक होते. कथेचा शेवट गावबाला रचायचा नव्हता, तो फक्त गायचा होता. नाथांच्या तोंडी त्याने घातलेले नाथांनीही सांगितलेच असते.

याच्या उलट कालिदासाचे ‘कुमारसंभव’. नाव कुमाराच्या जन्माचे, पण आठव्या सर्गाअखेर शिव-पार्वतीचा शृंगार चालू आहे आणि कुमाराचा पत्ता नाही. पुढे नऊ सर्ग आहेत, त्यांत कार्तिकेय जन्मतो आणि तारकासुराला मारतो. हे सर्ग कालिदासाचे नाहीत, कोणीतरी नंतर जोडले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मल्लिनाथासारख्या साक्षेपी टीकाकाराने पहिल्या आठ सर्गांवरच टीका लिहिली आणि तिथे थांबला. सर्ग जोडणाऱ्या त्या अनामिकाची मला कीव येते, कारण त्याची तळमळ खरी आहे. नावात जे कबूल केले ते द्यायलाच हवे, असे त्याला वाटले असणार. वाचकाचे देणे त्याने फेडले, पण नाव कालिदासाचे लावून. आज त्याचे सर्ग फारसे कोणी वाचत नाही आणि त्याचे नावही कोणाला माहीत नाही.

छापखाने आले आणि हा सगळा व्यवहार बदलला. पुस्तकावर एकच नाव, किंमत, मालकी हक्क. तरी अपुरी कामे दुसऱ्या हाताने पुरी होतच राहिली. इंग्रजीतल्या डॉ. जॉन्सनच्या ‘रासेलस’चे भाषांतर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी सुरू केले आणि अर्ध्यावर सोडले. ते त्यांच्या मुलाने, विष्णुशास्त्र्यांनी, पुरे केले. ‘निबंधमाला’ सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. पुन्हा बाप आणि मुलगा, पण इथे बाप हयात. मूळ ‘रासेलस’ हे पुस्तक १७५९ चे. आईच्या अंत्यविधीचा खर्च भागवण्यासाठी जॉन्सनने ते आठवड्याभराच्या संध्याकाळी बसून लिहिले, असे त्याचा चरित्रकार बॉस्वेल सांगतो. सुखी कसे व्हावे हे शोधायला निघालेला राजपुत्र, आणि शेवटच्या प्रकरणाचा मथळाच असा की हा समारोप आहे पण यात कशाचाही समारोप होत नाही. विष्णुशास्त्र्यांनी वडिलांचे अपुरे काम शेवटास नेले, आणि जिथे नेले तिथे हा शेवट! भाषांतरकाराचे एक सुख असते, शेवटाची जबाबदारी त्याच्यावर नसते.

इतिहासाच्या पुस्तकाला मात्र असा आधार नसतो. न्यायमूर्ती रानड्यांचे मराठ्यांच्या सत्तेच्या उत्कर्षावरचे इंग्रजी पुस्तक १९०० मध्ये निघाले. हे काम त्यांनी काशिनाथ त्र्यंबक तेलंगांच्या सोबतीने करायचे योजले होते, पण तेलंग १८९३ मध्येच गेले. तेलंगांचा बखरींवरचा निबंध रानड्यांनी पुस्तकाच्या शेवटी परिशिष्ट म्हणून जोडला, तेलंगांच्याच नावाने. आपल्या वाक्यांत तो विरघळवला नाही. पुढच्याच वर्षी, १९०१ च्या जानेवारीत, रानडे गेले आणि उत्कर्षानंतरचा इतिहास त्यांच्याकडून लिहायचा राहून गेला. त्यांच्यामागे मराठ्यांच्या इतिहासावर मोठमोठी कामे झाली, सरदेसायांनी रियासती लिहिल्या, राजवाडे-खऱ्यांनी कागदांचे ढीग छापले. पण रानड्यांचा दुसरा भाग रानड्यांच्या नावाने लिहायला कोणी बसले नाही. ज्याने त्याने आपले पुस्तक आपल्या नावाने लिहिले. ‘हर्षचरिता’चे जे झाले तेच हे.

आता ज्या घराने मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला, त्या घराकडे येतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. पाच वर्षांनी, १९०० मध्ये, स्वतःच्या विचाराने गेल्या. टिळक कवी, संस्कृत जाणणारे, हातचा पैसा दुसऱ्याला देऊन टाकणारे, केव्हा कुठे निघून जातील याचा नेम नसलेले. त्यांनी येशूच्या चरित्रावर ओवीबद्ध महाकाव्य करायला घेतले, ‘ख्रिस्तायन’. आपल्याकडच्या रामायणांच्या वळणाचे नाव, आपल्याकडचाच छंद. सुरुवातीचे थोडे अध्याय झाले आणि १९१९ च्या मे महिन्यात टिळक वारले.

पुढचे काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले. शाळेचे तोंड न पाहिलेली, लग्नानंतर अक्षरओळख झालेली बाई. नवऱ्याच्या हातचे होते त्याच्या कितीतरी पट, साठाहून अधिक अध्याय, त्यांनी रचले. हा नुसता शेवट नव्हे, जवळजवळ सगळे घर त्यांनी बांधले. टिळकांचा संसारही त्यांनाच असा निभावून न्यावा लागला होता, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना सांगायला नको. आणि गावबासारखे त्यांनी स्वतःला पुसून टाकले नाही. किती टिळकांचे आणि किती बाईंचे, हे लोकांना माहीत आहे. पुस्तक छापून आले १९३८ मध्ये. तोवर त्याही गेल्या होत्या.

त्यांचे स्वतःचे पुस्तक, ‘स्मृतिचित्रे’, सुरू झाले तेही दुसऱ्याच कामाच्या निमित्ताने. मुलाला, देवदत्तांना, वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्यासाठी त्यांनी आईला आठवणी लिहून मागितल्या. आईने लिहायला घेतले आणि चरित्राच्या साधनाचेच मराठीतले एक मोठे आत्मकथन होऊन बसले. १९३४ पासून त्याचे भाग निघू लागले. चौथा भाग चालू असताना, १९३६ च्या फेब्रुवारीत, बाई गेल्या. तो देवदत्तांनी पुरा केला.

एका घरात दोन अपुरी पुस्तके, आणि दोन्हींना घरातल्याच माणसाने शेवट दिला. पण दोन्ही कामे एका जातीची नाहीत, हे मला बरेच दिवस चाळून झाल्यावर जाणवले. ‘ख्रिस्तायना’त लक्ष्मीबाईंची अवस्था गावबासारखी आहे. कथा शुभवर्तमानांत लिहिलेली आहे, क्रूस आणि पुनरुत्थान ठरलेले आहे. बाईंनी त्यात आपला जीव घातला, घटना घालाव्या लागल्या नाहीत. देवदत्तांचे काम अवघड. आत्मकथनाचा शेवट लेखकाला कधीच लिहिता येत नाही. आपले शेवटचे दिवस कोण लिहिणार? आणि ते दुसऱ्याने ‘मी’ म्हणून लिहिणे तर अशक्यच. देवदत्तांना लिहिता आले, कारण ते तिथे होते. आईच्या पुस्तकात ते मुलगा म्हणून आधीपासून वावरतच होते. साक्षीदाराच्या नात्याने त्यांनी पुढचे सांगितले. माझ्या दृष्टीने अपुऱ्या गद्य पुस्तकाला शेवट देण्याचा हा सगळ्यात प्रामाणिक मार्ग आहे, पण त्यासाठी साक्षीदार असावे लागते.

आता मास्तरांच्या बाजाराचा साक्षीदार मी कुठला असणार? प्लेगनंतर आमचा बाजार कसा सावरला, हे माझ्या आजोबांनी पाहिले असेल, मी नाही. त्या काळाचे कागद आहेत, पण अर्धेमुर्धे. मास्तरांची भाषा मला येते हे खरे. ‘असो’ कुठे घालायचे, आकडा आधी की माणूस आधी, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. दोन प्रकरणे त्यांच्या ढंगात लिहून दिली असती तर गावात कोणाला शंकाही आली नसती. नेमकी तीच अडचण होती. मास्तर एक वाक्यही कागद हातात असल्याशिवाय लिहीत नसत. मी त्यांच्या नावाने लिहिले की माझा अंदाज त्यांचा पुरावा होणार, आणि तीस वर्षांनी एखादा पोरगा त्याचा दाखला देऊन प्रबंध लिहिणार.

सातव्या रजिस्टरच्या मागच्या पानावर मास्तरांनी पुढच्या मजकुराचे पाच मथळे पेन्सिलीने लिहून ठेवले आहेत. बी म्हणायचे तर एवढेच. त्यांतल्या तिघांना जोडता येतील असे कागद मला सापडले : म्युनिसिपालिटीच्या ठरावांच्या नकला, एका अडत्याची रोजमेळ, बैलबाजाराच्या पावत्या. उरलेल्या दोन मथळ्यांना काहीच नाही.

मग मी असे ठरवले. मास्तरांचे पुस्तक ‘जी’ या अक्षरावर थांबेल. पानाचा उरलेला भाग कोरा. पुढच्या पानावर त्यांचे पाच मथळे, जसे आहेत तसे. त्यानंतर वेगळ्या टाइपात, माझ्या नावाने, मिळालेल्या तीन कागदांची ओळख. कागद काय सांगतो एवढेच त्यात असेल. त्यावरून बाजाराचे काय झाले असावे, हे मी लिहिणार नाही. उरलेल्या दोन मथळ्यांखाली जागा मोकळी.

मुलाला हे पटले नाही. ‘लोक म्हणतील, पोराने बापाचं पुस्तक अर्धवट छापलं,’ असे तो तीनदा म्हणाला. त्याचे दुःख मला कळते. ते कुमारसंभव पुरे करणाऱ्याचेच दुःख आहे. ‘काकू, तुम्हीच सांगा,’ असे मी मास्तरांच्या पत्नीला म्हटले. त्या एक्याऐंशी वर्षांच्या आहेत, रजिस्टरे कधी उघडून पाहिलेली नाहीत. मी ते वाक्य त्यांना दाखवले. त्या म्हणाल्या, ‘अरे, हे त्या संध्याकाळचं. पाहुणे आले होते, मीच हाक मारली चहा गार होतोय म्हणून. उठले, ते परत बसलेच नाहीत. रात्री दवाखान्यात नेलं.’ मग थोड्या वेळाने, ‘त्यांचं त्यांना काय लिहायचं होतं ते आपल्याला कुठं माहीत आहे? राहू दे तसंच.’ मुलगा काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याने प्रस्तावनेसाठी मास्तरांचा फोटो आणून दिला.

पुस्तक सध्या छापखान्यात आहे. टाइप करणारी मुलगी हुशार आणि काळजीने काम करणारी आहे. पहिल्या प्रुफात तिने ‘जी’च्या पुढे पूर्णविराम टाकला होता. मी तो खोडला आणि समासात लिहिले, ‘पूर्णविराम नको’. दुसऱ्या प्रुफात तिथे तीन टिंबे आली. तीही खोडली. कोऱ्या राहिलेल्या अर्ध्या पानावर एखादे वेलबुट्टीचे चित्र टाकू का, असे तिने फोनवर विचारले. नको म्हटले. तिसरे प्रूफ पुढच्या आठवड्यात येणार आहे.